नाताळचे झाड, सूर्याचे वळण आणि आपले अंगण

बिबवेवाडी हे नाव उच्चारले की मराठी कानाला त्यात एक झाड ऐकू येते. बिबवा हे आपल्या रानातले झाड. त्याच्या फळाच्या रसाने परीट कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करीत, आणि जुन्या घरांतून ते औषध म्हणूनही जपून ठेवले जाई. आज पुण्याच्या दक्षिणेकडील या उपनगरात रानापेक्षा इमारतींची दाटी अधिक आहे. तरीही डिसेंबर महिना निम्मा सरला की येथील ख्रिस्ती घरांतून एक झाड हटकून उभे राहते. कोणाकडे ते पेटीतून काढलेले प्लॅस्टिकचे असते, कोणी रोपवाटिकेतून कुंडीतले अरौकेरिया आणतो, तर कोणी सुरूची एक फांदी वाळूच्या डब्यात खोचून तिला कागदी साखळ्या व दिवे लावतो. शेजारी गव्हाणी, गॅलरीत तारा आणि बैठकीत झाड, ही आपल्या नाताळची ओळखच होऊन बसली आहे.

या झाडाविषयी अलीकडे दोन बाजूंनी प्रश्न विचारला जातो. काही ख्रिस्ती प्रचारक सांगतात की हे झाड मुळात मूर्तिपूजकांचे, सूर्याची पूजा करणाऱ्यांचे. सच्च्या श्रद्धावंताने ते घरात आणू नये. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायातील तोडलेल्या व सोन्यारुप्याने मढविलेल्या लाकडाचा दाखलाही ते देतात. वास्तविक तेथे संदेष्टा बोलतो आहे तो लाकूड कोरून घडविलेल्या मूर्तीविषयी. दुसऱ्या बाजूस, युरोप-अमेरिकेत स्वतःला निसर्गपूजक म्हणविणारे आजचे काही पंथ २१ डिसेंबरच्या सुमारास झाडाला संत्र्याच्या वाळविलेल्या चकत्या, सुचिपर्णी वृक्षांची फळे, पक्ष्यांची पिसे आणि सूर्याच्या आकृत्या बांधतात. हे झाड आमच्या पूर्वजांचे होते, ख्रिस्तसभेने ते बळकावले, असा त्यांचा दावा असतो. पहिला म्हणतो, टाकून द्या. दुसरा म्हणतो, परत द्या. दोघांचे म्हणणे एकच, की हे झाड तुमचे नव्हे. धर्मग्रामातील तरुण मुले हा प्रश्न घेऊन घरी येतात, तेव्हा आईवडिलांना उत्तर सुचत नाही. उत्तर इतिहासात आहे, आणि ते दोन्ही पक्षांना वाटते त्याहून वेगळे आहे.

सूर्याचे वळण आणि २५ डिसेंबर

प्रथम तारखेचा विचार करू. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये नवे पंचांग लागू केले, तेव्हा रोमन गणनेत वर्षातील सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबर मानला गेला. २७४ मध्ये सम्राट ऑरेलियन याने रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले. पुढे ३५४ सालच्या एका रोमन पंजिकेत २५ डिसेंबर या तारखेपुढे अजिंक्याचा जन्मदिन अशी नोंद आढळते. त्याच पंजिकेत ख्रिस्ती हुतात्म्यांची यादीही आहे. ती ३३६ च्या सुमारास तयार झालेली असून तिच्या आरंभीच याच तारखेस ख्रिस्ताचा बेथलेहेम येथे जन्म झाल्याचे नमूद आहे. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच दस्तऐवजात, एकाच तारखेपुढे उभ्या आहेत. कोणी कोणाकडून घेतले, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ख्रिस्तसभेने सूर्योत्सवाच्या दिवशी जाणीवपूर्वक आपला सण ठेवला. दुसऱ्या मताप्रमाणे प्रभूचे गर्भधारण आणि क्रूसमरण २५ मार्च या एकाच तारखेस झाले, अशी आरंभीच्या श्रद्धावंतांची समजूत होती. त्यात नऊ महिने मिळविले की २५ डिसेंबर येतो.

यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. दिवस लहान होत होत थांबतो आणि पुन्हा वाढू लागतो, या घटनेत ख्रिस्ती मनाला प्रभूच्या जन्माची खूण दिसली. मलाखीच्या ग्रंथातील न्यायाच्या सूर्याची प्रतिमा त्यांच्यासमोर होतीच. धोकाही त्यांना दिसत होता. पाचव्या शतकाच्या मध्यास पोप संत लिओ यांनी नाताळच्या प्रवचनात आपल्याच लोकांची कानउघाडणी केली; कारण संत पेत्राच्या महामंदिराच्या पायऱ्या चढून गेल्यावर काही श्रद्धावंत मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववीत. सूर्य निर्माण करणाऱ्याची आठवण सूर्याने करून द्यावी, त्याची जागा घेऊ नये, असा त्यांच्या बोधाचा आशय होता. तथापि त्यांनी नाताळची तारीख बदलली नाही.

हिरव्या फांद्यांचा वाद

हिवाळ्यात घरांना हिरव्या फांद्या बांधण्याची चाल रोमन जगात होती. जानेवारीच्या आरंभीच्या सणात लॉरेलच्या डहाळ्या दारी लागत. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेज येथील तर्तुलियन याने मूर्तिपूजकांच्या सणांत दाराला दिवे व डहाळ्या लावणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर कडक टीका केली. सहाव्या शतकात पोर्तुगालमधील ब्रागाचे महागुरू मार्टिन यांच्या नियमांतही घरे अशा हिरवाईने वेढण्यास बंदी आढळते. बंदी वारंवार घालावी लागली, याचाच अर्थ लोक ते करीत होते.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत ग्रेगरी यांनी इंग्लंडला धर्मप्रचारक पाठविले. ६०१ मध्ये त्यांनी तेथील राजाला लिहिले की मूर्तिपूजा व तिची देवळे नष्ट करावीत. काही आठवड्यांतच त्यांनी आपला विचार बदलला आणि मठाधिपती मेलितस यांना दुसरे पत्र धाडले. मूर्ती काढाव्यात, पण देवळे पाडू नयेत. ती पवित्र जलाने शुद्ध करून त्यांतच खऱ्या देवाची उपासना व्हावी. लोकांना सणासुदीला बैल कापण्याची सवय आहे; तर त्यांनी हुतात्म्यांच्या स्मरणदिनी मंदिराभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालावेत आणि देवाचे आभार मानून एकत्र जेवावे. उंच शिखर चढणारा माणूस पावलापावलाने चढतो, उड्या मारीत नाही, अशी समजावणीही त्यांनी केली. ही दोन्ही पत्रे संत बीड यांनी आपल्या इतिहासात जपून ठेवली आहेत. ख्रिस्तसभेच्या मिशनकार्यात पुढे तेराशे वर्षे जो वाद चालला, त्याच्या दोन्ही बाजू एकाच पोपमहोदयांच्या लेखणीतून एकाच उन्हाळ्यात उतरल्या, हे विशेष होय.

त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी संत बोनिफास यांनी जर्मनीतील गाइस्मार येथे थोर देवाला वाहिलेला ओक वृक्ष तोडला. त्यांचे चरित्रकार विलिबाल्ड सांगतात की त्या लाकडातून त्यांनी संत पेत्राच्या नावे प्रार्थनामंदिर बांधले. ओक पडल्यावर त्यामागे एक लहानसे फर वृक्षाचे रोप दिसले व तोच पहिला नाताळवृक्ष, ही गोड कथा मात्र या जुन्या चरित्रात नाही. ती फार नंतरची भर आहे. उत्तर युरोपातील ‘यूल’ या हिवाळी सणाचेही तसेच. दहाव्या शतकात नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याने यूल नाताळच्याच वेळी पाळावा असा नियम केला, असे सागा-वाङ्मय सांगते. त्या वाङ्मयात यूलच्या मेजवान्या, मद्य, यज्ञ व शपथा आहेत. घरात उभारून सजविलेले झाड नाही.

झाड नेमके कोठून आले?

सजविलेल्या नाताळवृक्षाचा पुरावा आपल्याला ऱ्हाइन नदीकाठच्या आल्सास प्रांतात मिळतो. सेलेस्टा या गावच्या १५२१ सालच्या हिशेबात वनरक्षकांना काही नाणी दिल्याची नोंद आहे. संत थोमाच्या दिवसापासून त्यांनी जंगलातील झाडे राखायची होती, म्हणजे सणासाठी लोक ती वाटेल तशी तोडून नेणार नाहीत. त्या काळी संत थोमाचा सण २१ डिसेंबरला येई. १९६९ च्या उपासना पंचांगात तो ३ जुलैला गेला. स्ट्रासबुर्ग शहराविषयी १६०५ मधील एका प्रवाशाचे टिपण आहे: तेथील लोक नाताळला दिवाणखान्यात फर वृक्ष उभे करतात आणि त्यांवर रंगीत कागदांची गुलाबे, सफरचंदे, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख व साखर टांगतात.

सफरचंद आणि पातळ पापडी या दोन वस्तूंकडे लक्ष द्यावे. मध्ययुगात २४ डिसेंबर हा आदाम व एवा यांचा स्मरणदिन मानला जाई. त्या दिवशी मंदिराच्या आवारात एदेन बागेचे नाटक होई आणि रंगमंचावर हिवाळ्यातही हिरवे राहणारे एकच झाड फळे बांधून उभे केले जाई. सफरचंद म्हणजे पतनाचे फळ. पापडी म्हणजे मिस्सातील पवित्र भाकरीची आठवण. पहिल्या झाडाखाली जे हरवले ते बेथलेहेमात, म्हणजे ‘भाकरीच्या घरी’, परत मिळाले, अशी ती शिकवण होती. नाटके थांबली, झाड मात्र घराघरांत राहिले.

येथे पंचांगाची एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. सीझरच्या पंचांगात दर शतकी थोडी चूक साचत गेली, आणि सोळाव्या शतकापर्यंत सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या १२ तारखेच्या आसपास येऊ लागला. येशूसंघीय गणिती क्लावियस यांच्यासारख्या विद्वानांच्या साहाय्याने पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये १० दिवस वगळून पंचांग सुधारले. परंतु स्ट्रासबुर्ग हे प्रॉटेस्टंट शहर होते व त्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही सुधारणा स्वीकारली नाही. म्हणजे १५२१ मध्ये काय किंवा १६०५ मध्ये काय, हे झाड उभे राहत होते ते सूर्याच्या वळणानंतर चांगले बारा दिवसांनी. ज्या लोकांना सूर्याचे वळणच साजरे करायचे असते, ते एवढे उशिरा कशाला जागे झाले असते? त्यांचा सण नाताळचा होता.

पुढील प्रवास थोडक्यात सांगता येईल. जर्मन घराण्यांतून झाड इंग्लंडच्या राजवाड्यात पोचले. १८४८ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले आणि ते घरोघरी गेले. इंग्रजांबरोबर ते हिंदुस्थानातील छावण्यांत व बंगल्यांत आले. कॅथलिक देशांत दीर्घ काळ ते प्रॉटेस्टंट चाल म्हणून बाजूस ठेवले जाई. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे आरंभिलेली गव्हाणी हीच कॅथलिक नाताळची खूण होती. रोममध्ये संत पेत्राच्या चौकात पहिले झाड उभे राहिले ते १९८२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. निसर्गपूजक पंथांचे आजचे आठ सणांचे वर्षचक्र तर इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात जुळविले गेले. तेव्हा सूर्यवळणाच्या रात्री सजविलेले त्यांचे झाड नाताळच्या झाडाहून जुने नाही. ते नाताळच्या झाडावरूनच घेतलेले आहे. याबद्दल त्यांच्याशी भांडण्याचे आपल्याला कारण नाही. भर थंडीत हिरवे झाड पाहून माणसाला आशा वाटते, एवढेच यातून दिसते, आणि ती आशा कोणा एका पंथाची मालमत्ता नव्हे.

तुळस उपटली तेव्हा

येथवरची कथा युरोपातील आहे, आणि ती ऐकून आपण सुटकेचा निःश्वास टाकू. पण पुण्यातील कॅथलिक समाजाचा इतिहास येथे थांबू देत नाही. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये आपल्या सैन्यातील गोमंतकीय कॅथलिक शिपायांसाठी नाना पेठेत मंदिरास जागा दिली. पुण्यातील जुन्या कॅथलिक परंपरेची मुळे अशी गोव्यात आहेत, आणि गोव्यात याच काळात दुसऱ्या एका झाडाचे काय झाले हे पाहिले पाहिजे.

आरंभ उज्ज्वल होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. म्हणजे स्ट्रासबुर्गच्या दिवाणखान्यात सफरचंदांचे झाड दिसले त्यानंतर अवघ्या ११ वर्षांनी एदेन बागेची, पतनाची आणि बेथलेहेमची तीच कथा मराठी ओवीत अवतरली. जर्मन माणसाने जे फर वृक्षावर टांगले ते स्टीफन्स यांनी आपल्या भाषेच्या वेलीवर चढविले. दक्षिणेत रॉबर्ट द नोबिली यांनी तमिळ संन्याशाचा वेष व आचार पत्करला. पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२३ मध्ये त्यांच्या पद्धतीस मान्यता दिली. १६५९ मध्ये रोमच्या धर्मप्रसार मंडळाने पूर्वेकडे जाणाऱ्या महागुरूंना बजावले की लोकांचे आचार श्रद्धेच्या व नीतीच्या विरुद्ध नसतील तर ते बदलण्याचा आग्रह धरू नका; फ्रान्स, स्पेन वा इटली तिकडे वाहून नेणे याहून विचित्र काय असेल?

पण वारा फिरला. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या धर्मन्यायासनाने, म्हणजे इन्क्विझिशनने, एक विस्तृत हुकूम काढला. लग्नातील गाणी, विडे-फुले देण्याच्या रीती, पोशाख, जेवणाचे प्रकार अशा अनेक देशी चालींवर त्याने बंदी घातली. ख्रिस्ती घराच्या आवारात वा बागेत तुळस असू नये, हेही त्यात होते. १७४४ मध्ये रोमनेही दक्षिणेतील तथाकथित मलबारी विधींवर अंतिम निर्बंध घातले. धर्मन्यायासन स्वतः १८१२ मध्ये संपुष्टात आले. अंगणातून गेलेली तुळस मात्र परत आली नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. आल्सासमध्ये जंगलातले झाड घरात आले आणि त्यावर एदेनची कथा टांगली गेली. गोव्यात अंगणातले झाड उपटले गेले. तुळशीची पूजा होई व ख्रिस्ती माणसाने झाडाची पूजा करू नये, हे खरेच. लिओ महाराजांनी सूर्याबाबत जे सांगितले ते तुळशीलाही लागू आहे. परंतु लिओ यांनी सूर्यापुढे मान लवविणे थांबविले, सूर्योदय थांबविला नाही. हुकूम काढणाऱ्यांनी पूजा आणि पाने यांत फरक केला नाही. ग्रेगरींचे पहिले पत्र त्यांनी वाचले, दुसरे वाचले नाही. तरीही लोकांच्या हातांनी काही राखले. गोव्याच्या अंगणात आजही जो क्रूस उभा दिसतो, त्याचा चौथरा अनेक ठिकाणी वृंदावनाच्या घाटाचा असतो, आणि सायंकाळी तेथे दिवा लागतो.

आपले सूर्यवळण

मग महाराष्ट्रात सूर्याचे वळण साजरे होत नाही काय? होते, आणि तेही अगदी नाताळच्या आगेमागे. मकरसंक्रांत हा मूळचा उत्तरायणाचा सण. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे ऑरेलियनने रोममध्ये सूर्यमंदिर बांधले त्याच सुमारास, आपल्याकडे मकर राशीतील सूर्यप्रवेश आणि सर्वांत लहान दिवस एकत्र येत असत. ताऱ्यांवरून मोजणाऱ्या आपल्या पंचांगात सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस या गतीने अंतर पडत गेले, म्हणून आज संक्रांत १४ वा १५ जानेवारीस येते आणि खरे वळण २१ वा २२ डिसेंबरलाच होऊन गेलेले असते. आपला नाताळही त्या वळणापासून तीनचार दिवस सरकलेला आहे. एकाच घटनेच्या या दोन आठवणी. एक थोडी पुढे गेली, दुसरी अधिक.

पुण्यात वर्षाचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. स्ट्रासबुर्गमध्ये तो सव्वाआठ तासांच्या आसपास. तेथे हिवाळा म्हणजे मरगळलेली भूमी आणि दीर्घ काळोख. म्हणून एकटे हिरवे राहिलेले झाड तेथे अपूर्वाईचे. आपल्याकडे हिवाळा हाच हिरवाईचा ऋतू आहे. शेतात ज्वारी-हरभरा उभा असतो. धनुर्मासात पहाटे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी व लोण्याचा गोळा खाण्याची चाल असते. भोगीला वांगी, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे व तीळ घालून भाजी होते. संक्रांतीला सुगडात ऊस, बोरे, गव्हाच्या ओंब्या भरल्या जातात. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे डिसेंबर वा जानेवारीच्या आरंभी, वेळा अमावस्या असते. त्या दिवशी गावे ओस पडतात. सारे कुटुंब शेतात जाते, कडब्याची कोप उभारते, भज्जी, उंडे व आंबील यांचे जेवण होते, आणि वाटसरूलाही आग्रहाने बसविले जाते. शेतातल्या कडब्याच्या त्या कोपीकडे पाहिले की ग्रेगरींच्या पत्रातील फांद्यांचे मांडव आठवतात, आणि बेथलेहेमची गव्हाणीही.

बिबवेवाडी, अप्पर इंदिरानगर आणि भोवतालच्या वस्त्यांत मराठवाड्यातून व अहिल्यानगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी आलेली माणसे राहतात. अहिल्यानगर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीयांनी मिशन उघडले आणि अनेक दलित कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापैकी बहुतेकांना गावच्या सणात मानाची जागा कधी नव्हतीच. शेत दुसऱ्याचे, कोप दुसऱ्याची. उरले ते अन्न बाहेर उभे राहून घ्यायचे. अशा कुटुंबांना नाताळ हा पहिला सण मिळाला, ज्यात ती पंक्तीत बसली. म्हणून त्यांना जाऊन कोणी विद्वानाने सांगू नये की तुम्ही आपली संस्कृती सोडलीत, परकीय झाड सोडा व जुने सण धरा. त्यांच्या घरातील प्लॅस्टिकच्या झाडामागे एका पिढीचा स्वाभिमान उभा आहे. जुन्या अंगणातील झाडांचा विचार करताना त्या अंगणात कोणाला पाऊल टाकू दिले जात नव्हते, याचाही विचार करावा लागतो.

तरीही त्या कष्टकरी हातांनी पिकविलेले धान्य आणि भाजी कोणा एका जातीची किंवा देवाची नव्हती. ती निर्मात्याची होती. ती प्रभूच्या गव्हाणीपाशी आणून ठेवली तर आपण जुन्या अंगणात परत जात नाही. आपल्या कष्टाचे जे होते ते आपल्या प्रभूला देतो.

पुण्याने काय शिकविले

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये उपासनाविषयक संविधानात निरनिराळ्या लोकसमूहांच्या परंपरांतील चांगले ते जपण्याची दारे उघडली. १९६९ मध्ये भारतीय ख्रिस्तसभेसाठी १२ बाबींना रोमने मान्यता दिली: जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, हात जोडून नमस्कार, आरती, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे. आज आपल्या मंदिरात समई लागते तेव्हा तिच्यामागे हा इतिहास आहे. या चळवळीत पुण्याचा वाटा मोठा होता. १९५५ मध्ये पोपमहोदयांची सेमिनरी श्रीलंकेतील कँडीहून येथे आली. रॉबर्ट द नोबिलींच्या नावाचे महाविद्यालयही येथेच आहे. जर्मनीत जन्मलेले फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी शनिवार पेठेतील स्नेहसदनात हिंदू-ख्रिस्ती संवादाचे घर मांडले, महाराष्ट्रातील विचारपरंपरा अभ्यासली आणि भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा मागोवा घेतला.

डिसेंबर २००१ मध्ये रोमच्या उपासना मंडळाने लोकभक्तीविषयी एक मार्गदर्शिका सिद्ध केली. तीत नाताळच्या झाडाचा स्वतंत्र उल्लेख आहे. झाडाचा मूळ इतिहास काहीही असो, आज ते एदेनमधील जीवनवृक्षाची व क्रूसरूपी वृक्षाची आठवण देते, असे ती सांगते. आणि पुढे सांगते की झाडाखाली ज्या भेटी ठेवल्या जातात, त्यांत एक भेट गरिबासाठी असावी, कारण गरीब हा प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाचा घटक आहे.

या मार्गदर्शिकेच्या उजेडात आपल्या मुलांना उत्तर देता येते. झाड टाकून देण्याचे कारण नाही. ते चोरीचे नाही, आणि आपण त्याची पूजा करीत नाही. पण ते कापसाच्या बर्फासकट परदेशी चित्रासारखेच असले पाहिजे असाही नियम नाही. आल्सासच्या लोकांनी त्यावर आपल्या फळबागेतले सफरचंद बांधले. आपण आपल्या शिवारातले बांधावे. बिबवेवाडीपासून मार्केट यार्डचा फुलबाजार हाकेच्या अंतरावर आहे. झेंडूची माळ, ज्वारीचे कणीस, गव्हाच्या ओंब्या, बोरे, उसाचे पेर, पणत्या, हे सारे झाडावर वा झाडाखाली शोभून दिसेल. ओंबी मिस्सातील भाकरीची आठवण देईल, जशी ती पापडी देत असे. तोडलेल्या फांदीऐवजी कुंडीतले जिवंत रोप असले तर बरेच; ते अरौकेरियाच हवे असे नाही, आंब्याचे वा पेरूचे कलमही चालेल, आणि नाताळ सरल्यावर इमारतीच्या आवारात मातीत लावता येईल. एखाद्या घरी कुंडीत तुळस असेल तर तिला उपटण्याची गरज नाही. तिच्यापुढे हात न जोडता तिच्या निर्मात्याचे आभार मानता येतात, आणि खोकल्याला काढाही होतो.

मार्गदर्शिकेतील शेवटचे वाक्य मात्र सर्वांत अवघड आहे. झाडावर काय टांगावे हा प्रश्न एका संध्याकाळी सुटतो. झाडाखालची एक भेट कोणाची, हा प्रश्न वर्षभर पुरतो. आपल्या जिन्यात झाडू मारणारी बाई, मार्केट यार्डातला हमाल, वस्तीतील आजारी म्हातारा, यांपैकी कोणाचे नाव त्या पुडक्यावर आहे, हे मुलांना दिसले पाहिजे, आणि शक्य तर त्या माणसालाच पंक्तीला बोलावले पाहिजे. वेळा अमावस्येला कोपीत वाटसरूला बसवितात. ग्रेगरींच्या मांडवात सारा गाव जेवत असे. गव्हाणीत तर मेंढपाळच पहिले पाहुणे होते. या नाताळला आपल्या घरातील झाडापाशी एक पाट जास्तीचा मांडून ठेवावा.